पॅलेस्टिनी वंचितांची आरोग्यसेवा आणि मनाला आधार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाझाच्या बातम्या आपल्याकडे रोज येतात, पण त्यांत दवाखाना दिसतो तो बहुतेक वेळा बॉम्ब पडल्यावर. एरवी तिथल्या म्हाताऱ्या माणसाला मधुमेहाची गोळी कुठून मिळते, बाळंतपण कुठे होतं, रात्री दचकून उठणाऱ्या पोराला घेऊन आई कुणाकडे जाते, हे क्वचितच कुणी सांगतं. मराठी वाचक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. राजकीय तोडगा काय असावा हा या पानाचा विषय नाही. पण रस्ता, परवाना आणि घर पाडण्याची नोटीस बाजूला ठेवून तिथल्या आरोग्याबद्दल बोलताच येत नाही. त्यामुळे ते विषय येणारच.

सगळेच पॅलेस्टिनी अडचणीत आहेत. मग ‘वंचित समुदाय’ वेगळे कसे काढायचे?

रामल्लात पक्की नोकरी आणि विमा असलेला माणूस आणि हेब्रोनच्या दक्षिणेला डोंगरात मेंढ्या राखणारं कुटुंब यांचं आजारपण एकसारखं नसतं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारात वेस्ट बँकेचे तीन भाग पडले. त्यातला ‘सी’ विभाग सुमारे ६० टक्के आहे आणि तिथलं बांधकाम पूर्णपणे इस्रायली लष्करी प्रशासनाच्या परवानगीवर चालतं. पॅलेस्टिनींना ती परवानगी जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे घर, शाळा, पाण्याची टाकी किंवा दवाखान्याची खोली यांपैकी काहीही उभं केलं तरी पाडण्याचा आदेश येऊ शकतो. जेरुसलेमच्या पूर्वेला खान अल-अहमर इथे राहणारे जहालीन बेदुईन मूळचे नेगेव्ह वाळवंटातले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना तिथून हुसकावलं गेलं. हेब्रोनच्या दक्षिणेकडच्या मसाफेर यत्ता या खेड्यांच्या पट्ट्याचा बराचसा भाग १९८० च्या दशकात लष्कराने गोळीबार सरावाचं क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रहिवाशांची याचिका फेटाळली.

याशिवाय छावण्यांतले निर्वासित आहेत. गाझात ८, वेस्ट बँकेत १९, जॉर्डनमध्ये १०, लेबनॉनमध्ये १२ आणि सीरियात ९ अशा ५८ मान्यताप्राप्त छावण्या आहेत. छावणी म्हटलं की तंबू डोळ्यांपुढे येतात, पण बैरुतमधल्या शतीला किंवा गाझातल्या जबालियात तीन पिढ्यांनी एकावर एक मजले चढवलेले होते. जॉर्डनमधल्या जेराश छावणीची गोष्ट तर फारच कमी लोकांना ठाऊक आहे. १९६७ च्या युद्धात गाझाहून आलेल्यांसाठी ती १९६८ मध्ये उभी राहिली. जॉर्डनने इतर बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिलं, यांना मात्र नाही. त्यामुळे आज पन्नाशीत असलेला, तिथेच जन्मलेला माणूसही सरकारी रुग्णालयाच्या दारात परकाच ठरतो.

यांच्यासाठी दवाखाने चालवतं कोण?

निर्वासितांसाठी मुख्यतः ‘अन्रवा’. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि मे १९५० पासून तिचं काम सुरू झालं. सुमारे ५९ लाख निर्वासित तिच्याकडे नोंदलेले आहेत. लसीकरण, गर्भवतींची तपासणी, रक्तदाब आणि मधुमेहाची नियमित औषधं हा तिचा कणा. २०११ पासून तिने ‘कुटुंब आरोग्य पथक’ पद्धत आणली. एका घरातल्या सगळ्यांना एकच डॉक्टर आणि एकच परिचारिका बघते, म्हणजे आजीच्या साखरेचा आणि नातवाच्या अंथरूण ओलं करण्याचा संबंध त्यांच्या लक्षात येतो. साधी गोष्ट आहे, पण मला ती फार मोलाची वाटते.

वेस्ट बँक आणि गाझात १९९४ पासून पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालय आहे. रुग्णवाहिका प्रामुख्याने पॅलेस्टाईन रेड क्रेसेंट सोसायटीच्या असतात. ही संस्था १९६८ ची, तिचा आपत्कालीन क्रमांक १०१. खेड्यापाड्यांत फिरते दवाखाने नेणारी पॅलेस्टिनी मेडिकल रिलीफ सोसायटी १९७९ मध्ये स्वयंसेवक डॉक्टरांनी सुरू केली. आपल्या आशाताईंसारख्या गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन तिने काम वाढवलं. बाहेरच्यांपैकी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि मेडिकल एड फॉर पॅलेस्टिनियन्स या दोन संस्था दीर्घकाळ काम करत आल्या आहेत. दुसरी १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शतीला भागात झालेल्या कत्तलीच्या वेळी तिथे काम करणाऱ्या अस्थिशल्यविशारद डॉ. स्वी चाई आंग तिच्या संस्थापकांपैकी एक.

डॉक्टर आहेत, औषधं येतात, मग अडतं कुठे?

रस्त्यात. हे पान वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पॅलेस्टिनी डॉक्टर उत्तम शिकलेले असतात, परिचारिका तयार असतात. रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पूर्व जेरुसलेममध्ये सहा पॅलेस्टिनी रुग्णालयं आहेत. कर्करोगावरच्या किरणोपचारासाठी ऑगस्टा व्हिक्टोरिया, हृदयाच्या आणि नवजात बाळांच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मकासद. वेस्ट बँकेतल्या (आणि २०२३ च्या युद्धाआधी गाझातल्याही) रुग्णाला तिथे जायचं तर आधी मंत्रालयाची चिठ्ठी, मग रुग्णालयाची तारीख आणि मग इस्रायली परवाना लागतो. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा परवाना वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आधीच, गाझातून आलेल्या अर्जांपैकी सुमारे एक तृतीयांश अर्ज तारखेपर्यंत मंजूर झाले नव्हते. बाळाला परवाना मिळतो आणि आईला मिळत नाही, असंही घडतं. मग आजी सोबत जाते आणि आई घरी फोनकडे डोळे लावून बसते.

नाक्यावर काय होतं तेही बघा. नाब्लुसहून निघालेली रुग्णवाहिका जेरुसलेममध्ये सहसा जाऊ शकत नाही. ती कलंदिया नाक्याशी थांबते. पलीकडून इस्रायली नंबरप्लेटची दुसरी रुग्णवाहिका येते. दोन्ही गाड्यांची मागची दारं समोरासमोर लागतात, कागद तपासले जातात आणि मग स्ट्रेचर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सरकवलं जातं. सलाईनची बाटली कुणीतरी हातात उंच धरून चालतं, ऑक्सिजनची नळी एका सिलिंडरवरून काढून दुसऱ्याला लावली जाते. हृदयविकाराच्या रुग्णासाठी यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. हेब्रोन शहराच्या एच-टू या इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या भागात तर काही गल्ल्यांमध्ये पॅलेस्टिनी गाड्यांनाच बंदी आहे. तिथे गर्भवती बाईला नाक्यापर्यंत चालत यावं लागतं.

‘सी’ विभागात अडचण विजेचीही आहे. बऱ्याच वस्त्या ग्रीडला जोडलेल्या नाहीत, आणि इन्सुलिन थंड ठेवायला फ्रीज लागतो. बेथलेहेमजवळच्या जुब्बेत अद-दिब गावात नेदरलँड्सच्या पैशातून बसवलेले सौर पॅनेल २०१७ मध्ये लष्कराने उचलून नेले. डच सरकारने निषेध केल्यावर काही महिन्यांनी ते परत आले. त्या महिन्यांत फ्रीज बंद होते.

गाझात सध्या काय स्थिती आहे?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं गेलं. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार २०२५ संपेपर्यंत मृतांचा आकडा ७० हजारांच्या पुढे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अन्नसुरक्षेचं मोजमाप करणाऱ्या ‘आयपीसी’ने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. १० ऑक्टोबर २०२५ पासून शस्त्रसंधी लागू झाली, पण तिच्यानंतरही हल्ले पूर्ण थांबले नाहीत.

युद्धाआधी ३६ रुग्णालयं होती. शस्त्रसंधीच्या वेळी निम्म्याहून कमी कशीबशी, तीही अंशतः चालत होती. रुग्णालयांचा हमासने लष्करी वापर केला असं इस्रायल म्हणतं, हमास आणि रुग्णालयांचे डॉक्टर ते नाकारतात. जखमींपैकी जवळपास ४२ हजार जणांना आयुष्य बदलून टाकणाऱ्या दुखापती झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हात-पाय तुटणं, मणक्याला इजा, भाजणं, सगळं त्यात आलं. अशा माणसाला वर्षानुवर्षं फिजिओथेरपी लागते, आणि वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय तर पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. उपचारासाठी बाहेर नेण्याच्या प्रतीक्षेत २०२५ च्या अखेरीस १५ हजारांहून जास्त रुग्ण होते.

युद्ध चालू असताना पोलिओचं लसीकरण झालं, ते कसं?

जुलै २०२४ मध्ये सांडपाण्याच्या नमुन्यांत विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला लकवा झाला. गाझात २५ वर्षांनी आढळलेला हा पहिला रुग्ण. मग भागाभागाने काही तासांचे विराम ठरले आणि १ सप्टेंबरला दैर अल-बलाहपासून मोहीम सुरू झाली. पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस मिळाला. तोंडात दोन थेंब आणि बोटावर शाईची खूण : आपल्याकडे ज्यांनी पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर काम केलंय, त्यांना शीतपेटीतला बर्फ टिकवण्याची धडपड माहीत आहे. तिथे ती पडक्या इमारतींमधून, पेट्रोलची चणचण असताना झाली. स्थानिक कर्मचाऱ्यांना मार्ग मोकळा मिळाला तर ते काय करू शकतात, याचं याहून ठळक उदाहरण माझ्याकडे नाही.

‘मनोसामाजिक आधार’ म्हणजे समुपदेशनच ना?

समुपदेशन हा त्यातला एक भाग. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चार थरांची उतरंड आहे. सगळ्यात खाली सुरक्षितता, अन्न, पाणी, आणि ते माणसाची लाज राखून मिळणं. त्यावर कुटुंब आणि शेजार : हरवलेले नातेवाईक शोधून देणं, शाळा सुरू करणं, मयताचे विधी नीट करता येणं. तिसऱ्या थरात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घेतलेले गट आणि भेटी. अगदी वर, थोड्यांसाठी, मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं.

बाहेरून मदत करणारे थेट तिसऱ्या थरावर उडी मारतात. ज्या बाईला शौचाला जायला आडोसा नाही, तिला श्वासाचे व्यायाम शिकवायला जाणं मला अपमानास्पद वाटतं. आधी आडोसा.

वरचा थर लहान असला तरी गरज मोठी आहे. संघर्षग्रस्त भागांत दर पाच माणसांमागे साधारण एकाला मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नैराश्य, चिंता यांबरोबर स्किझोफ्रेनियाही त्यात येतो. युद्धाने स्किझोफ्रेनियाचे रुग्ण नाहीसे होत नाहीत, त्यांची गोळी मात्र बंद पडते.

त्यांना सगळ्यांना ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा ताणविकार) झालाय असं म्हणायचं का?

नाही. एक तर सगळे आजारी नाहीत. रडणं, झोप न लागणं, संताप येणं ही अशा परिस्थितीतल्या धडधाकट मनाची प्रतिक्रियाही असते. दुसरं, या निदानात घाला घालणारी घटना होऊन गेलेली असते आणि तिची आठवण छळत राहते. पॅलेस्टिनी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. समाह जबर यांनी हे अनेकदा मांडलंय की त्यांच्या लोकांचा आघात चालूच आहे, त्याला ‘नंतर’ नाही. ज्या मुलाच्या घरी सैनिक परत येऊ शकतात त्याला ‘आता तू सुरक्षित आहेस’ असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं. तिथला समुपदेशक असं सांगत नाही. आज रात्री आवाज आला तर तू कुणाचा हात धरशील, हे तो मुलाबरोबर ठरवतो.

गाझात या विचाराची पायाभरणी डॉ. इयाद अल-सर्राज यांनी केली. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या सर्राज यांनी १९९० मध्ये गाझा कम्युनिटी मेंटल हेल्थ प्रोग्राम सुरू केला. लोकांच्या वस्तीत जाऊन काम करायचं आणि छळ कुणीही केलेला असो, त्याविरुद्ध बोलायचं, हा त्यांचा बाणा होता. पॅलेस्टिनी प्राधिकरणावर टीका केल्याबद्दल त्यांना तुरुंगातही जावं लागलं. २०१३ मध्ये ते गेले, संस्थेचं काम सुरू आहे.

मुलांबरोबर प्रत्यक्षात काय करतात?

पाहणाऱ्याला खेळच वाटतो. साबणाचे फुगे मोठे करायचे असतील तर हळूहळू फुंकावं लागतं. दीर्घ श्वास घ्यायला शिकवण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग. चित्रं काढतात, दबके नाच करतात. दबक्यात हात धरून एका ठेक्यात पाय आपटायचे असतात, एकट्याने तो होत नाही. जे मूल आठवडे-आठवडे बोललेलं नाही ते ओळीत सर्वात शेवटी उभं राहतं आणि एके दिवशी पाय हलवतं. ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि तीच ताई, एवढंही मुलाला फार असतं. म्हणून तीन महिन्यांचे प्रकल्प मला खटकतात. मूल विश्वास टाकतं आणि ताई गायब होते.

आईवडिलांबरोबरचं काम तितकंच महत्त्वाचं. दहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला की बाप रागावतो, आई लपवते. हे भीतीमुळे होतं, आळसामुळे नाही, हे घरच्यांना पटलं की निम्मं काम झालं. लष्करी तुरुंगातून सुटून आलेल्या पोरांसाठी पूर्व जेरुसलेम वायएमसीएचं पुनर्वसन केंद्र बेत सहूरमध्ये आहे. तिथे समुपदेशनाबरोबर हातातलं काम शिकवतात. फोनवरून बोलायचं असेल तर ‘सावा’ संस्थेची १२१ ही मोफत हेल्पलाइन आहे.

गाझात अशीही मुलं आहेत ज्यांच्या कुटुंबात कुणीच उरलेलं नाही. डॉक्टरांना जखमी मुलांच्या कागदावर तशी नोंद करण्यासाठी वेगळी आद्याक्षरं तयार करावी लागली. या मुलांना शक्यतो काका, मावशी, शेजारी यांच्याच घरी ठेवतात, अनाथाश्रमात नाही. ते योग्यच आहे.

आणि जे हे काम करतात त्यांना कोण सांभाळतं?

फार थोडे. गाझात दीड हजारांहून अधिक आरोग्य कर्मचारी आणि अन्रवाचे तीनशेहून अधिक कर्मचारी युद्धात मारले गेले. २३ मार्च २०२५ ला रफाहमध्ये एकाच ठिकाणी बचावकार्यातले १५ जण मारले गेले, त्यात आठ रेड क्रेसेंटचे होते. जो समुपदेशक इतरांचं ऐकतो तो स्वतः तंबूत राहतो, त्याचाही भाऊ बेपत्ता असतो. चांगल्या संस्था आठवड्यातून एकदा या कार्यकर्त्यांना एकत्र बसवतात आणि अनुभवी माणसाकडून मार्गदर्शन मिळवून देतात. देणगीदार यासाठी पैसे द्यायला कचरतात, कारण अहवालात ‘लाभार्थी’ वाढलेले दिसत नाहीत.

लेबनॉनमध्ये युद्ध नसतं तेव्हा तरी बरं असेल?

फारसं नाही. तिथल्या पॅलेस्टिनींना वकिली, वैद्यकी अशा अनेक व्यवसायांची दारं बंद आहेत आणि सरकारी आरोग्यसेवेचा हक्कही नाही. रेड क्रेसेंट छावण्यांत पाच रुग्णालयं चालवते, बुर्ज अल-बराजनेतलं हैफा रुग्णालय त्यांपैकी एक. कर्करोग किंवा डायलिसिस आलं की अन्रवा खर्चाचा काही भाग उचलते, उरलेला कुटुंबाने उभा करायचा. अनेक कामांचीच परवानगी नसलेल्या कुटुंबाने.

अन्रवाचे कर्मचारी ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात सामील होते ना? मग तिला पैसे का द्यायचे?

प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलने बारा कर्मचाऱ्यांवर आरोप केला, नंतर आणखी नावं दिली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत नऊ जणांचा सहभाग असू शकतो असं निघालं आणि त्यांची सेवा समाप्त झाली. गाझात संस्थेचे सुमारे १३ हजार कर्मचारी होते. दोषींना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यासाठी लाखो लोकांचा दवाखाना बंद करणं मला कुठल्याही तत्त्वात बसताना दिसत नाही. अमेरिकेने निधी थांबवला तो थांबवलाच. इस्रायली संसदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केलेले बंदीचे कायदे ३० जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्याच महिन्यापासून वेस्ट बँकेतल्या जेनीन, तुलकर्म आणि मग नूर शम्स छावण्यांवर लष्करी कारवाई सुरू होऊन सुमारे ४० हजार माणसं बेघर झाली, म्हणजे दवाखान्याची गरज वाढत असतानाच.

इस्रायली लोकांपैकी कुणी मदत करतं का?

करतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रुखामा मार्तोन यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेली फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स इस्रायल ही संस्था वेस्ट बँकेत फिरता दवाखाना नेते. ज्यू आणि अरब डॉक्टर एकाच गाडीतून जातात. अडलेल्या परवान्यांसाठीही संस्था भांडते.

भारत काय करतो?

भारत अन्रवाला दरवर्षी ५० लाख डॉलर देत आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवाई दलाच्या विमानाने साडेसहा टन वैद्यकीय साहित्य इजिप्तच्या अल-अरिशला गेलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्करोगाच्या औषधांसह ३० टन औषधं पाठवली. एक जुना धागाही आहे. जेरुसलेमच्या जुन्या शहरात, हेरॉड दरवाजाजवळ, बाबा फरीद यांच्या नावाशी जोडलेली भारतीय धर्मशाळा आहे. १९२४ पासून सहारनपूरचं अन्सारी कुटुंब ती सांभाळतं, आणि तिच्याच आवारात अनेक वर्षं अन्रवाचा दवाखाना चालला.

मी पैसे पाठवू शकतो का?

हो. भारतातल्या रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या, परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या एलआरएस योजनेखाली परदेशी संस्थेला देणगी देता येते. पॅन आणि बँकेचा ए-२ फॉर्म लागतो. प्राप्तिकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही. व्हॉट्सॲपवर ‘गाझासाठी’ म्हणून फिरणाऱ्या क्यूआर कोडवर मात्र पैसे टाकू नका. पैसा कोणत्या खात्यात, कोणत्या वाटेने जाणार हे ज्याला सांगता येत नाही त्याला नाही म्हणा. आणि देणगी शक्यतो ‘विशिष्ट प्रकल्पासाठी’ अशी बांधून देऊ नका. पेट्रोल, पगार, फोनचं बिल यांवरच फिरता दवाखाना चालतो.

कपडे, औषधं, खेळणी गोळा करून पाठवू का?

नको. सीमेवर ट्रक महिनोन् महिने अडतात, औषधांची मुदत संपते आणि वर्गवारी करणाऱ्यांचा वेळ जातो.

मी डॉक्टर किंवा समुपदेशक आहे. तिथे जाता येईल?

शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, भाजलेल्यांवर उपचार करणारे आणि फिजिओथेरपिस्ट यांची गरज खरी आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स भारतातूनही भरती करते, पण कुठे पाठवायचं ते संस्था ठरवते. प्रवेशाची परवानगी इस्रायलच्या हातात आहे आणि २०२५ पासून आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नोंदणीचे नियम आणखी कडक झाले आहेत. समुपदेशकांना माझं सांगणं वेगळं आहे. अरबी येत नसेल तर दुभाष्यामार्फत दोन आठवड्यांसाठी कुणाचं दुःख उघडायला जाऊ नका. तिथल्या कार्यकर्त्यांना ऑनलाइन मार्गदर्शन देणाऱ्या गटांत सामील व्हा, आणि निदान वर्षभर टिकाल अशी खात्री असेल तरच.

जखमी मुलांचे फोटो शेअर केले तर चालतील?

चेहरा ओळखू येत असेल तर नको, मग उद्देश कितीही चांगला असो. ते मूल उद्या मोठं होईल, शाळेत जाईल, आणि तो फोटो तेव्हाही नेटवर असेल. डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाने स्वतः लिहिलेलं निवेदन शेअर करा.